गाडीचं वजन कमी करताना: किती किलो यापेक्षा कुठले किलो

गाडी हलकी केली की ती वळणावर चांगली चालते, एवढं बहुतेकांना ठाऊक असतं. पण तोल ठरतो तो वजन कुठून काढलं यावर. चुकीच्या जागेवरून चाळीस किलो काढलेली गाडी पूर्वीपेक्षा बिघडू शकते. योग्य जागेवरून पंधरा किलो गेले तर स्टिअरिंग फिरवताच फरक कळतो.

पोर्शे या जर्मन कंपनीच्या इंजिनिअरांनी तर तोल सुधारण्यासाठी वजन वाढवलं होतं. १९६०च्या दशकातल्या सुरुवातीच्या ९११ या स्पोर्ट्स गाडीचं इंजिन मागच्या चाकांच्याही मागे होतं. वळणात अ‍ॅक्सिलरेटर सोडला की शेपूट बाहेर जायची. उपाय म्हणून पुढच्या बंपरच्या दोन्ही टोकांत प्रत्येकी सुमारे ११ किलोंची लोखंडी वजनं बसवली गेली. पुढे १९६९च्या मॉडेलमध्ये पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर ५७ मिलिमीटरने वाढवलं आणि पुढच्या दोन्ही बाजूंना एकेक बॅटरी ठेवली. त्याच कंपनीने १९७३च्या मॉडेलवर्षासाठी कॅरेरा आरएस २.७ ही हलकी गाडी काढली. तिची सर्वांत हलकी आवृत्ती ९६० किलोंची, तर जास्त सोयी असलेली १०७५ किलोंची. मात्र ती नुसती हलकी करून सोडली नाही. मागची चाकं पुढच्यांपेक्षा रुंद केली आणि शेपटीवर स्पॉयलर, म्हणजे हवेने शेपूट उचलली जाऊ नये म्हणून उभारलेली पट्टी, बसवला. वजन घटवायचं तर बाकीची मांडणीही सोबत बदलावी लागते, हे त्यांनी पुरतं ओळखलं होतं.

आपल्या गाडीवर हेच काम कसं करायचं, ते आता क्रमाने पाहू.

हलकेपणातून काय मिळतं

सगळं टायरपासून सुरू होतं. टायरवरचा भार वाढला की त्याची पकड वाढते, पण भाराच्या प्रमाणात नाही. समजा, ३०० किलोंचा भार असताना एखादा टायर ३०० किलोंइतका आडवा जोर पेलतो. भार ६०० केला तर तो ६०० पेलणार नाही, ५४०च्या आसपास थांबेल. आकडे टायरगणिक वेगळे असतात, पण कल हाच असतो. म्हणून हलक्या गाडीत तोच टायर प्रत्येक किलोमागे थोडी जास्त पकड देतो.

वळणात आतल्या चाकांवरचा भार बाहेरच्या चाकांवर जातो. तो किती जातो, याचा हिशेब सोपा आहे: गाडीचं वजन गुणिले वळणाचा जोर, गुणिले गुरुत्वमध्याची (गाडीचं सगळं वजन जिथे एकवटलंय असं धरतात त्या बिंदूची) उंची, भागिले डाव्या-उजव्या चाकांमधलं अंतर. १००० किलोंची गाडी, ०.८ जी (गुरुत्वाकर्षणाच्या ०.८ पट) जोर, गुरुत्वमध्य ०.५२ मीटरवर आणि चाकांमधलं अंतर १.५ मीटर असेल, तर सुमारे २७७ किलो भार बाहेर सरकतो. गाडी ९०० किलोंची केली तर २५० किलो.

आता यातली खोच पाहा. दोन्ही वेळा सरकलेला भार एकूण वजनाच्या साधारण २८ टक्केच आहे. वजन घटवून ते प्रमाण बदललं नाही. ते बदलतं फक्त उंची कमी केल्यावर किंवा चाकांमधलं अंतर वाढवल्यावर. वरचं वजन काढणं आणि खालचं वजन काढणं यांची बरोबरी होत नाही ती यामुळेच.

ब्रेकच्या बाबतीत एक गैरसमज पसरलेला आहे: वजन जितकं घटलं तितकंच थांबण्याचं अंतरही घटतं. वजन १० टक्के कमी झालं की त्याच वेगातून थांबताना ब्रेकमध्ये तयार होणारी उष्णता बरोबर १० टक्के कमी होते. उतारावर आणि ट्रॅकवर ही मोठी गोष्ट आहे. पण थांबण्याचं अंतर १० टक्के घटत नाही, कारण भार कमी झाला तशी टायरची एकूण पकडही कमी होते. अंतर थोडंच घटतं.

पहिलं काम: गाडी काट्यावर चढवा

अंदाजाने काम सुरू करू नका. प्रत्येक चाकाखाली ठेवायचे चार स्वतंत्र काटे मिळाले तर उत्तम. नाहीतर मालवाहू गाड्यांच्या वजनकाट्यावरही काम भागतं: आधी पूर्ण गाडी, मग फक्त पुढची चाकं, मग फक्त मागची. अशा काट्यांचे टप्पे मोठे असतात, त्यामुळे उत्तर ढोबळच येतं. तरीही पुढे-मागे वाटणी कळायला ते पुरतं. तीन आकडे जुळतात का ते पाहा. पुढचं आणि मागचं मिळून पूर्ण वजनाच्या जवळ आलं पाहिजे.

दर वेळी टाकीत सारखंच पेट्रोल ठेवा, कारण ४० लिटर पेट्रोल म्हणजे जवळपास ३० किलो. टायरमध्ये सारखी हवा असू द्या. आणि ड्रायव्हरच्या सीटवर ड्रायव्हर बसलेला असू द्या. रिकाम्या गाडीचा तोल कागदावरच छान दिसतो, चालवताना त्यात सत्तर-ऐंशी किलोंचा माणूस एका बाजूला बसलेला असतो.

गुरुत्वमध्य पुढच्या चाकांपासून किती मागे आहे ते काढायला मागच्या चाकांवरचं वजन भागिले एकूण वजन करा आणि पुढच्या-मागच्या चाकांमधल्या अंतराने गुणा. उंची मोजायचं गणितही आहे, पण त्यासाठी गाडीचं एक टोक चांगलं वर उचलून सस्पेन्शन जखडावं लागतं. घरच्या कामाला त्याची गरज नाही आणि धोकाही आहे.

दुसरं काम: वहीत नोंद करा

हे माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाचं आणि सगळ्यांत टाळलं जाणारं काम. जी वस्तू काढायचा विचार आहे तिच्यापुढे चार गोष्टी लिहा: वजन, पुढच्या चाकांपासूनचं अंतर, जमिनीपासूनची उंची, आणि ती काढल्याने काय गमावणार. वजन घरच्या काट्यावर करता येतं. वस्तू हातात घेऊन उभे राहा, मग नुसते उभे राहा, आणि वजाबाकी करा.

एक उदाहरण सोडवून पाहू. पुढच्या चाकांवर चालणारी छोटी हॅचबॅक घ्या, ड्रायव्हरसह १००० किलो. पुढे ६१० आणि मागे ३९०, म्हणजे ६१:३९. पुढच्या-मागच्या चाकांमध्ये २.५ मीटर. मालकाला सगळ्यांत आधी सुचतं ते डिकीतली स्टेपनी, जॅक, हत्यारं आणि मागची सीट काढणं, कारण ते बोल्ट खोलले की निघतं.

स्टेपनी आणि हत्यारं मिळून १८ किलो, मागच्या चाकांच्या अर्धा मीटर मागे. ती काढली की मागच्या चाकांवरून १८ नाही, २१.६ किलो जातात आणि पुढच्या चाकांवर ३.६ किलो वाढतात! मागे लटकलेलं वजन नाक किंचित उचलून धरत होतं, ते गेलं. २४ किलोंची मागची सीट मागच्या चाकांच्या ४० सेंटीमीटर पुढे आहे. तिच्यामुळे मागून २०.२ आणि पुढून ३.८ किलो कमी होतात. एकूण ४२ किलो गेले, पण पुढच्या चाकांवरचा भार ६१० होता तो ६१०च राहिला. गाडी आता ९५८ किलोंची आणि वाटणी जवळपास ६४:३६.

म्हणजे नाकजड गाडी आणखी नाकजड झाली. वळणात पुढचे टायर आधी हार मानतील आणि गाडी सरळ निघू पाहील, म्हणजे अंडरस्टीअर वाढेल. त्यातच जोरात ब्रेक मारला की आधीच हलकी झालेली शेपूट आणखी हलकी होते आणि अस्थिर वाटते. शिवाय काढलेलं सामान जमिनीलगत, साधारण ४० सेंटीमीटर उंचीवर होतं, त्यामुळे ५२ सेंटीमीटरवरचा गुरुत्वमध्य अर्धा सेंटीमीटर वर चढला.

त्याउलट नाकातून, पुढच्या चाकांच्या वरून, फक्त १५ किलो काढले तर वाटणी ६०.४:३९.६ होते. एक तृतीयांशाहून थोडेच जास्त किलो, पण दिशा बरोबर.

आणि छत? सनरूफची काच, चौकट आणि मोटर मिळून २० किलो, १.४ मीटर उंचीवर आहे असं धरा. तेवढं नसेल तर गुरुत्वमध्य सुमारे पावणेदोन सेंटीमीटर खाली येतो. सनरूफ नंतर काढणं व्यवहार्य नाही, पण गाडी घेतानाच हँडलिंगचा विचार असेल तर बिनसनरूफची आवृत्ती घ्या. बीएमडब्ल्यूने २००३च्या एम३ सीएसएल या गाडीला कार्बन फायबरचं छत दिलं ते याच कारणासाठी. त्या छताने वाचवलेले किलो मोजकेच होते, पण ते गाडीच्या माथ्यावरचे होते.

टोकांचं वजन

वाटणी ५०:५० असली तरी दोन गाड्या वेगळ्या वागू शकतात. एका लांब काठीच्या दोन टोकांना पाण्याच्या बाटल्या बांधून ती मधोमध धरून फिरवा, मग त्याच बाटल्या मुठीजवळ सरकवून फिरवा. वजन तेच आणि तोलही तोच, पण दुसऱ्या वेळी काठी चटकन वळते आणि चटकन थांबते. गाडीत हा परिणाम अंतराच्या वर्गाने वाढतो. गुरुत्वमध्यापासून २ मीटरवरचे १० किलो हे अर्ध्या मीटरवरच्या १० किलोंच्या सोळापट विरोध करतात.

म्हणून बंपरमागची अनावश्यक जड जोडणी, मागचा अवजड सायलेन्सर, टो हुक, नाकाच्या टोकाशी लावलेले जादा दिवे आणि हॉर्न यांच्याकडे आधी पाहा. मधल्या भागातलं वजन, जसं की पुढच्या सीट किंवा मधला कन्सोल, यातून चपळाई तेवढी वाढत नाही. मात्र टोकं हलकी झालेली गाडी घसरायला लागली की तेही चटकन घसरते, सावरायला वेळ कमी मिळतो. नवख्या ड्रायव्हरने हे लक्षात ठेवूनच पुढे जावं.

तिसरं काम: काढायचा क्रम

फुकट निघतं ते आधी. डिकीत साठलेलं सामान, छतावरचं कॅरिअर, जाड मॅटचे थर, जादा स्पीकर आणि त्यांची लाकडी पेटी. यात काही गमावत नाही.

मग चाकं. स्प्रिंगच्या खालचं वजन, म्हणजे चाक, टायर, ब्रेकची डिस्क आणि तिला पकडणारा कॅलिपर, आणि चाक ज्यावर बसतं तो हब, रस्त्याच्या प्रत्येक खडबडीवर वर-खाली उडतं आणि शॉक अ‍ॅब्झॉर्बरला त्याला आवरावं लागतं. ते हलकं असेल तर टायर जमिनीला चिकटून राहतो. खराब पृष्ठभागाच्या वळणात हा फरक सर्वांत स्पष्ट जाणवतो: मधे खड्डा आला तरी गाडी बाजूला उडी घेत नाही. छोट्या गाडीत एका कोपऱ्याचं हे वजन तीस-चाळीस किलोंच्या घरात असतं, त्यामुळे चाक-टायर मिळून चार किलो वाचले तरी दहा टक्के झाले. अलॉय म्हणजे हलकं, असं समजून चालू नका. मोठ्या मापाचं स्वस्त ओतीव अलॉय मूळच्या छोट्या स्टीलच्या चाकापेक्षा जड निघू शकतं. दुकानात काटा मागा. टायरचंही वजन करा, कारण तो चाकाच्या सर्वांत बाहेरच्या घेऱ्यावर असतो आणि फिरवायला तोच जास्त जोर लागतो. चाकाची भार पेलण्याची क्षमता गाडीला पुरेशी आहे ना, हे तपासल्याशिवाय पैसे देऊ नका.

मग बॅटरी. साधी लेड-अ‍ॅसिड बॅटरी पंधरा किलोंच्या आसपास असते. लिथियम आयर्न फॉस्फेटची निम्म्याहून कमी. नाकजड गाडीत दुसरा मार्ग म्हणजे तीच बॅटरी मागे, ड्रायव्हरच्या विरुद्ध बाजूला नेणं. माझदाने १९८९च्या पहिल्या एमएक्स-५ या छोट्या स्पोर्ट्स गाडीत बॅटरी डिकीतच ठेवली होती. एक किलोही न काढता वाटणी सुधारणारा हा बदल मला फार आवडतो. पण बॅटरी सीलबंद प्रकारची हवी, वायू बाहेर जायची नळी हवी, अपघातातही जागेवरून न हलणारा पट्टा हवा, आणि पुढे जाणाऱ्या जाड वायरला बॅटरीजवळच फ्यूज हवा. यातलं एकही नसेल तर बॅटरी आहे तिथेच राहू द्या.

शेवटी आतली सजावट. कार्पेट उचललं की खाली फेल्टचा जाड थर दिसतो. पाऊस झिरपत असेल तर तो थर ओला आणि दुप्पट जड झालेला असतो. आणखी खाली आवाज दाबण्यासाठी पत्र्याला चिकटवलेल्या डांबरी पट्ट्या असतात. त्यांच्यावर कोरड्या बर्फाचे तुकडे पसरून काही मिनिटं थांबलं की पट्टी गारठून ठिसूळ होते आणि हातोडीच्या हलक्या ठोक्याने तुकड्या-तुकड्यांनी सुटते. हा बर्फ म्हणजे घन कार्बन डायऑक्साइड असतो, तेव्हा सगळी दारं सताड उघडी ठेवा आणि जाड हातमोजे घाला. एवढ्या खटपटीतून काहीच किलो निघतात आणि तेही तळाचे. रोजच्या वापराच्या गाडीत मी हे करू नका असंच सांगेन. आवाज आणि उष्णता आत येते, ड्रायव्हर थकतो, आणि थकलेल्या ड्रायव्हरला सुधारलेल्या तोलाचा काही उपयोग नसतो.

हात लावायचा नाही अशा गोष्टी: एअरबॅग, सीटबेल्ट आणि त्यांचे ताणक (धडकेत पट्टा घट्ट ओढणारे भाग), दारातल्या आडव्या पट्ट्या, बंपरमागचा धक्का शोषणारा मुख्य बीम, पुढची काच, हेडरेस्ट. एअरबॅग असलेली सीट काढून हलकी रेसिंग सीट लावणं म्हणजे बाजूच्या धडकेतलं संरक्षण काढून टाकणं. स्टेपनी किंवा मागची सीट कायमची काढण्याआधी आपल्याकडचा कायदा आणि विम्याच्या अटी वाचून घ्या.

चौथं काम: गाडी पुन्हा बसवणं

इथेच बहुतेक जण थांबतात, आणि म्हणून मेहनत वाया जाते.

वजन गेलं की स्प्रिंग उघडते आणि गाडी वर उचलली जाते. चाकापाशी स्प्रिंगचा कडकपणा दर मिलिमीटरला २० न्यूटन असेल, तर त्या चाकावरचा भार २० किलोंनी कमी झाल्यावर तो कोपरा जवळपास १० मिलिमीटर वर येतो. आपल्या उदाहरणातल्या हॅचबॅकची शेपूट नेमकी एवढी वर जाईल. म्हणजे गुरुत्वमध्य आणखी वर, आणि चाकांचे कोनही बदलले. म्हणून काम सुरू करण्याआधी चारही चाकांच्या मध्यापासून फेंडरच्या कडेपर्यंतची उंची मोजून ठेवा, नंतर पुन्हा मोजा, आणि अलाइनमेंट करून घ्या. ही पायरी ऐच्छिक नाही.

त्याच स्प्रिंग आणि तेच शॉक अ‍ॅब्झॉर्बर हलक्या गाडीला जास्त कडक पडतात. कंपनीने मागचं सस्पेन्शन पाच माणसं आणि सामान धरून बसवलेलं असतं, त्यामुळे एकट्या ड्रायव्हरला ते मुळातच कडक असतं. त्यातून मागचं वजन ११ टक्के घटलं की शेपूट टणाटण उडायला लागते. वजन बरंच काढलं असेल तर थोड्या मऊ स्प्रिंग लावून उंची मूळ ठिकाणी आणणं हा योग्य उपाय आहे. हलक्या गाडीला कडक स्प्रिंग लागतात ही समजूत सोडून द्या. हलकी गाडी त्याच स्प्रिंगवर आपोआप कमी झुकते, आणि कमी वजनाचा खरा फायदा हाच की मऊ सस्पेन्शनवरही ती आवरता येते. लोटस या ब्रिटिश कंपनीचा संस्थापक कोलिन चॅपमन याच्या गाड्यांची ख्याती याच मेळावर उभी होती.

हवेचा दाब भारानुसार ठरतो, तेव्हा तोही पुन्हा ठरवा. ज्या टोकाचं वजन घटलं तिथे एक-दोन पीएसआयच्या टप्प्याने कमी करून पाहा, पण कंपनीने दिलेल्या किमान दाबाखाली जाऊ नका. हलक्या गाडीचे टायर तापायलाही जास्त वेळ घेतात.

मागचं वजन काढलं असेल तर ब्रेक मारताना मागची चाकं लवकर जाम होऊ शकतात. एबीएस (ब्रेक मारताना चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) आणि ब्रेकचा जोर आपोआप वाटणारी यंत्रणा असलेल्या गाडीत ती सांभाळून घेते. अनेक जुन्या गाड्यांत मागच्या अ‍ॅक्सलला जोडलेला भार ओळखणारा व्हॉल्व्ह असतो. शेपूट वर आली की त्याची दांडी हलते, तिचं मूळचं माप मेकॅनिककडून तपासून घ्या.

पाचवं काम: चाचणी

मोकळी, बंद आणि परवानगी असलेली जागा हवी. सार्वजनिक रस्ता नको. एका वेळी एकच बदल, आणि प्रत्येक बदलानंतर तीच चाचणी त्याच टायरवर, तेवढ्याच पेट्रोलवर.

आधी शंकू लावून ठरावीक वर्तुळात फिरा आणि वेग हळूहळू वाढवा. कुठलं टोक आधी सुटतं ते पाहा. स्टिअरिंग जास्त जास्त फिरवावं लागत असेल तर पुढचं टोक सुटतंय, कमी करावं लागत असेल तर मागचं. मग शंकूंमधून नागमोडी जा. इथे टोकांचं वजन बोलतं: एका बाजूचं वळण संपवून दुसरं सुरू करताना गाडी मागे राहते का, की स्टिअरिंगसोबतच येते. शेवटी मध्यम वेगात, वर्तुळात असतानाच अ‍ॅक्सिलरेटर हलकेच सोडा. नाक थोडं आत वळणं ठीक आहे. शेपूट झटक्याने बाहेर जात असेल तर वेग वाढवू नका.

स्थिर वर्तुळात पुढचं टोक जास्त सुटत असेल आणि अ‍ॅक्सिलरेटर सोडल्यावर शेपूट शांत असेल, तर मागचा अँटी-रोल बार (डाव्या-उजव्या चाकांना जोडून गाडीचं झुकणं कमी करणारी दांडी) एक पायरी कडक करून पाहा. त्याने मागच्या बाजूला जास्त भार आतून बाहेर सरकतो, मागची पकड थोडी घटते आणि पुढची वाढते. पण वर्तुळात पुढचं टोक सुटतंय आणि अ‍ॅक्सिलरेटर सोडला की शेपूटही सुटतेय, असं दोन्ही दिसलं तर कुठलाच बार त्यावर इलाज करणार नाही. मागचं वजन गरजेपेक्षा जास्त निघालं आहे. स्टेपनी परत डिकीत बसवा आणि वजन नाकातून काढायला लागा.